खाणकामगाराची मुलगी : लॉरेटा लिन

(द्वितीय वर्ष, कला)

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गगनचुंबी इमारती, रुंद रस्ते आणि त्यांवरून धावणाऱ्या मोटारी उभ्या राहतात. त्याच अमेरिकेत, केंटकी राज्याच्या डोंगराळ पूर्व भागात, १४ एप्रिल १९३२ रोजी एक मुलगी अशा घरात जन्मली की ज्या घरात वीज नव्हती, नळ नव्हता. लाकडी भिंतींच्या फटींतून वारा येऊ नये म्हणून आईने त्यांवर जुन्या मासिकांची पाने चिकटवली होती. त्या पानांवर जिचे चित्र होते त्या लॉरेटा यंग या अभिनेत्रीच्या नावावरून मुलीचे नाव ठेवले गेले लॉरेटा.

हीच लॉरेटा पुढे 'कंट्री' संगीतातील अग्रगण्य गायिका आणि गीतकार झाली. तिच्या पारितोषिकांची जंत्री देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मला दोनच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. अपुरे शिक्षण, गरीब घर आणि 'अशुद्ध' बोली हे सारे लपवून न ठेवता तिने त्याचेच गाणे कसे केले? आणि त्या गाण्यांची मालकी अखेर कोणाकडे गेली?

कंट्री संगीताची पार्श्वभूमी

इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथून आलेल्या वसाहतकऱ्यांनी आपली कथागीते आणि फिडल हे वाद्य अमेरिकेच्या डोंगराळ भागात आणले. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांकडून बॅन्जो आणि ब्लूजचे सूर आले. चर्चमधील प्रार्थनागीते तर घरोघरी होतीच. या सर्वांच्या मिश्रणातून जे लोकसंगीत तयार झाले, त्याचा व्यवसाय मात्र १९२० नंतरच्या दशकात ग्रामोफोन आणि रेडिओ यांनी केला. १९२५ साली नॅशव्हिल येथील रेडिओ केंद्रावरून 'ग्रँड ओल ऑप्री' हा शनिवार रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला. १९२७ साली टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरील ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांच्या पहिल्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या.

शहरी लोक या संगीताला 'हिलबिली' म्हणत. डोंगरातला अडाणी, असा त्या शब्दाचा अर्थ. या गीतांत घर, कष्ट, दारू, बेइमानी, आगगाडी, तुरुंग आणि देव हे विषय पुनःपुन्हा येतात. सुमारे तीन मिनिटांत एक गोष्ट साध्या शब्दांत सांगायची, ही त्यांची रीत.

बालपण आणि विवाह

लॉरेटाचे वडील टेड वेब व्हॅन लिअर येथील कोळशाच्या खाणीत काम करीत. व्हॅन लिअर हे कोळसा कंपनीने वसवलेले गाव. तेथून वर गेलेल्या एका अरुंद दरीत वेब कुटुंब राहत असे. दरीला इंग्रजीत 'हॉलो' म्हणतात. तेथील लोकांच्या तोंडी त्याचे 'हॉलर' होते. बुचर हॉलर हे नाव लॉरेटाने आयुष्यभर तसेच उच्चारले. आठ भावंडांतील ती दुसरी. धाकट्यांना झोपवताना गाणे म्हणणे हेच तिचे संगीताचे शिक्षण, आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ हेच विद्यालय.

जानेवारी १९४८ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिचा ऑलिव्हर लिन याच्याशी विवाह झाला. त्याला सारे 'डूलिटल' म्हणत. दोघे देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातील कस्टर या गावी गेले. तेथे तो लाकूडतोडीच्या कामाला जाई. विशी ओलांडेपर्यंत लॉरेटाला चार मुले झाली होती. पुढे आणखी दोन जुळ्या मुली झाल्या.

येथे अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आत्मचरित्रावरून आणि १९८० च्या चित्रपटावरून विवाहसमयी तिचे वय तेरा असल्याचा समज पसरला होता. २०१२ साली जुने सरकारी दाखले उजेडात आले, तेव्हा ते पंधरा असल्याचे स्पष्ट झाले. आत्मचरित्र हा माणसाच्या मनाचा आरसा असतो, परंतु तारखांसाठी दाखलेच पाहावे लागतात. अर्थात तेरा काय किंवा पंधरा काय, ते वय संसाराचे नव्हे. माझ्या आजीचेही लग्न पंधराव्याच वर्षी झाले. त्यामुळे हा तपशील मला केवळ परदेशी कुतूहलाचा वाटत नाही.

सतरा डॉलरची गिटार

१९५३ च्या सुमारास डूलिटलने तिला सतरा डॉलरची गिटार आणून दिली. ती स्वतःच वाजवायला शिकली. घरकाम आटोपल्यावर चाली जुळवू लागली. पुढे नवऱ्याच्याच आग्रहाने ती जवळपासच्या मद्यगृहांतून गाऊ लागली. मुळात ती फार लाजाळू होती. फेब्रुवारी १९६० मध्ये 'झीरो रेकॉर्ड्स' या लहानशा कंपनीने तिच्याशी करार केला आणि तिने स्वतः लिहिलेले 'आय अॅम अ हॉन्की टॉन्क गर्ल' हे गाणे मुद्रित झाले.

कंपनी लहान, जाहिरातीला पैसा नाही. तेव्हा नवरा-बायकोने तबकड्या आणि छायाचित्रे रेडिओ केंद्रांना टपालाने पाठवली. मग मोटारीतून गावोगावच्या केंद्रांवर जाऊन निवेदकांना गाणे लावण्याची विनंती केली. खायला पाव आणि थंड मांसाचे तुकडे, झोपायला मोटार. ते गाणे कंट्री संगीताच्या लोकप्रियता-सूचीत चौदाव्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती 'ऑप्री'च्या मंचावर उभी राहिली. ज्या कार्यक्रमाकडे बुचर हॉलरमध्ये सारे घर कान लावून बसे, तोच हा कार्यक्रम. परंतु तिचे वडील १९५९ सालीच वारले होते. खाणीच्या धुळीने त्यांची फुप्फुसे निकामी केली होती. मुलीची पहिली तबकडी निघण्यापूर्वीच ते गेले.

बोलीचे सामर्थ्य

लॉरेटाच्या गीतांचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांत माजघरातले बोलणे जसेच्या तसे येते. 'यू एन्ट वूमन इनफ' या १९६६ च्या गाण्याची जन्मकथा ती सांगत असे. कार्यक्रमापूर्वी एक बाई रडत तिच्याकडे आली. तिचा नवरा त्याच सभागृहात दुसऱ्या बाईला घेऊन बसला होता. लॉरेटाने पडद्यातून त्या दुसरीकडे नजर टाकली आणि रडणाऱ्या बाईला म्हटले, की तुझा नवरा हिरावून नेण्याएवढी ती बाईच नव्हे. या उद्गाराचे तिने तेथल्या तेथे गाणे केले, आणि ते सूचीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. पुढल्या वर्षी, १९६७ मध्ये, दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला दारातच थोपवणारे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. ते तिने बहीण पेगी सू हिच्या साथीने लिहिले होते.

शीर्षकातील 'एन्ट' हा शब्द शाळेत चुकीचा धरला जातो. 'कोल मायनर्स डॉटर' या तिच्या सर्वांत प्रसिद्ध गीतात तर ती 'बॉर्न' ऐवजी 'बॉर्न्ड' म्हणते. व्याकरणदृष्ट्या ते चूकच. पण बुचर हॉलरमध्ये माणूस असाच 'जन्मतो'. तो शब्द दुरुस्त केला असता तर गाण्यातली मुलगी दुसरीच कोणी झाली असती.

हा मुद्दा मी थोडा लांबवते, त्याला कारण आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. घरी 'नाही'चे 'न्हाई' होते. वर्गात उभे राहण्यापूर्वी प्रत्येक वाक्य मनात एकदा धुऊन घ्यावे लागते. प्रमाणभाषा शिकली पाहिजे यात वाद नाही. हा लेखही तिच्यातच लिहिला आहे. परंतु प्रमाणभाषा शिकणे म्हणजे घरच्या भाषेची लाज बाळगणे नव्हे, हे लॉरेटाच्या गीतांवरून पटते.

'कोल मायनर्स डॉटर'

हे गीत १९६९ साली मुद्रित होऊन १९७० मध्ये बाजारात आले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात कंट्री सूचीत पहिले झाले. रात्रभर खाणीत राबून दिवसा शेतात मका करणारा बाप, कपडे घासून बोटे सोललेली आई, उन्हाळ्यात अनवाणी फिरणारी मुले आणि डुक्कर विकून आलेल्या पैशांतून हिवाळ्यासाठी मागवलेले जोडे, एवढाच त्याचा विषय. यात कोठेही रडगाणे नाही, तसेच दारिद्र्याचे गोडवेही नाहीत. वस्तूंची नावे घेत ती घर उभे करते. भावना सांगण्यापेक्षा वस्तू दाखवणे हेच तिच्या लेखनाचे तंत्र होय.

मूळ गीताला दहा कडवी होती. निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी त्यातील चार काढावयास लावली, कारण एवढे लांब गाणे रेडिओवर लागणे कठीण होते. म्हणजे प्रत्यक्ष बालपणही बाजाराच्या मापात बसवावे लागले.

'द पिल' आणि वादंग

१९७२ साली मुद्रित होऊन १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द पिल' या गाण्याने मोठे वादळ उठवले. वर्षामागून वर्षे बाळंतपणात अडकलेली बायको आता संततिनियमनाची गोळी हाती आल्यामुळे नवऱ्याला सुनावते, असा त्याचा आशय. अनेक रेडिओ केंद्रांनी ते लावण्यास नकार दिला. तरीही ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. खेड्यांतील डॉक्टर आपल्याला सांगत, की जे काम पत्रकांनी झाले नाही ते या गाण्याने केले, असे लॉरेटा म्हणत असे. गाणे लिहिण्यात इतरांचा हात होता. पण सहा मुलांच्या आईने ते गायल्यामुळे त्यास निराळेच वजन आले.

तरीही तिला कोणत्याही चळवळीची प्रतिनिधी ठरवणे योग्य होणार नाही. नवऱ्याच्या दारूवर आणि बाहेरख्यालीपणावर तिने गाणी रचली; पण १९९६ मध्ये त्याचे निधन होईपर्यंत संसार मोडला नाही. गिटार आणून देणारा तोच, आणि गाण्यांना विषय पुरवणाराही तोच. ही विसंगती आपण पुसून टाकू नये. तिच्या श्रोत्यांपैकी कित्येक बायकांचे जगणे याच विसंगतीत चालले होते, म्हणून तर तिचे शब्द त्यांना आपले वाटले.

गाणे कोणाचे?

आता दुसरा प्रश्न. ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात गाणे लिहिणारा गीतकार बहुधा आपले गाणे एका प्रकाशन-संस्थेच्या स्वाधीन करतो. तबकडी विकली गेली किंवा गाणे रेडिओवर लागले की त्याचे पैसे ती संस्था गोळा करते आणि गीतकाराला त्याचा वाटा देते. गाण्याच्या हक्कांवर ताबा मात्र संस्थेचा राहतो. नॅशव्हिलमध्ये नवख्या लॉरेटाला विल्बर्न बंधूंनी आधार दिला, आपल्या दौऱ्यांत व दूरदर्शन कार्यक्रमात गाऊ दिले, डेक्का या मोठ्या कंपनीत प्रवेश मिळवून दिला. त्याबरोबरच तिची गाणी त्यांच्या 'शुअर-फायर' या प्रकाशन-संस्थेशी बांधली गेली.

१९७० नंतरच्या काळात ती त्यांच्यापासून वेगळी झाली आणि हक्कांसाठी न्यायालयात गेली. लढा वर्षानुवर्षे चालला. हक्क परत मिळाले नाहीत. परिणामी, ऐन भराच्या काळात तिने स्वतःची गाणी लिहिणे कमी केले व इतरांची अधिक गायली. १९७२ साली कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम कलावंताचा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. ज्या दशकात हा मान मिळाला, त्याच दशकात तिची लेखणी मंदावली. ज्या गीतात तिच्या आईची सोललेली बोटे आहेत, त्या गीताचे प्रकाशन-हक्कही दुसऱ्यांकडेच होते. बापाने खणलेला कोळसा कंपनीचा होता. मुलीने खणलेल्या शब्दांचीही गत फारशी निराळी झाली नाही.

उत्तरायुष्य

२००४ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रॉक संगीतातील तरुण कलावंत जॅक व्हाइट याच्या साहाय्याने तिने 'व्हॅन लिअर रोझ' हा गीतसंग्रह काढला. त्यातील गाणी पुन्हा तिची स्वतःची होती, आणि नावही गावाचेच. त्यास दोन ग्रॅमी पारितोषिके लाभली. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, टेनेसीतील हरिकेन मिल्स येथील राहत्या घरी, नव्वदाव्या वर्षी तिचे निधन झाले.

सारांश, लॉरेटा लिनच्या जीवनाकडे 'झोपडीतून महालाकडे' अशा ठरावीक दृष्टीने पाहिले तर त्यातला निम्माच भाग हाती लागतो. आपले अनुभव आणि आपली बोली ही गरिबाजवळची खरी संपत्ती आहे, हे तिने सिद्ध केले. मात्र ही संपत्ती बाजारात नेताना कागद नीट वाचून सही करावी लागते, हेही तिच्याच आयुष्याने दाखवले. आपल्यापैकी ज्यांच्या घरात शिक्षण प्रथमच येत आहे, त्यांनी या दोन्ही गोष्टी शिकून घ्याव्यात. पहिलीसाठी घर आहेच. दुसरीसाठी महाविद्यालय आहे.