'हॅझर्ड' शब्दाचे मूळ फाशात

खामगावच्या जिनिंगवाल्यांना आगीच्या विम्याच्या कागदांत 'हॅझर्ड' हा इंग्रजी शब्द भेटतो. अर्थ सरळ आहे, धोका. रुईला एक ठिणगी पुरते! पण या शब्दाचा प्रवास व्यापारी बांधवांनी जाणून घेण्यासारखा आहे.

इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांनी स्पेनकडून. त्याच्याही मागे अनेक अभ्यासक अरबी 'अज्-जहर', म्हणजे फासा, हा शब्द दाखवतात. (आपल्या बोलण्यातल्या जहराशी त्याचा संबंध नाही.) जुन्या अरबी कोशांत हा अर्थ मिळत नाही, अशी शंकाही घेतली जाते. एवढे मात्र खरे की १४व्या शतकात, कवी चॉसरच्या काळी, हॅझर्ड म्हणजे फाशांचा जुगार होता. धोका हा अर्थ १६व्या शतकात चिकटला.

आता आपल्याकडे पाहू. बोंडे फुटण्याआधीच उभ्या शेतातला कापूस नुसत्या अंदाजाने विकत घेणे, हा सौदा की फासा? फिकहमध्ये याला 'गरर' म्हणतात. पाण्यातला मासा किंवा उडता पक्षी विकण्याचा प्रकार. 'सलम'चा सौदा वेगळा. त्यात माल नंतर मिळतो, पण एखाद्या ठरावीक शेताचा नव्हे, ठरलेल्या प्रतीचा. भाव पडण्याची जोखीम तिथेही आहेच, आणि ती जायज आहे. तेव्हा आगाऊ खरेदी करणाऱ्यांनी प्रत, वजन व तारीख कागदावर लिहून घ्यावी आणि पूर्ण रक्कम त्याच बैठकीत शेतकऱ्याच्या हाती द्यावी.