फरक ऐकलास, आता कारण शोध

चामराजपेट, बेंगळुरू

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

दोन्ही फाइली मिळाल्या. प्रो टूल्स या सॉफ्टवेअरमधले ट्रॅक तू रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मांडलेस, आवाजाचे फेडर होते तिथंच ठेवलेस, आणि गाणं एकदम पुढं आलं, मोकळं झालं. म्हणून आता रीपरच वापरायचं, असं तू ठरवलंयस. थोडी थांब. फरक आहे, तो मलाही ऐकू आला. पण त्याचं श्रेय तू भलत्यालाच देते आहेस.

तुझी मांडणी बघ. मिरजेचे दोन तंबोरे, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. तुझा गळा मधोमध, मोनो ट्रॅकवर. मधला आवाज दोन्ही स्पीकरांतून निघतो, म्हणून कडेच्या आवाजांपेक्षा मोठा लागतो. तो किती उतरवायचा, याचा प्रत्येक सॉफ्टवेअरचा आपापला नियम असतो. त्याला पॅन लॉ म्हणतात. प्रो टूल्सच्या मूळ सेटिंगमध्ये मधला आवाज ३ डेसिबलनं उतरतो, रीपरच्या मूळ सेटिंगमध्ये मुळीच उतरत नाही. म्हणजे एकही फेडर न हलवता तुझं गाणं तंबोऱ्यांपुढं ३ डेसिबल गेलं. तुला जाणवलेला मोकळेपणा तो हाच. रीपरच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये पॅन लॉ उणे ३ कर, गेन कॉम्पेन्सेशनची खूण काढ आणि पुन्हा ऐक.

मग खरी परीक्षा घे. दोन्हीकडचे सगळे प्लगिन बंद कर, डिदर बंद ठेव, सॅम्पल रेट एकच ठेव आणि ३२ बिट फ्लोटमध्ये मिक्स बाहेर काढ. दोन्ही फाइली एकाच प्रोजेक्टमध्ये सॅम्पलला सॅम्पल जुळवून लाव आणि एकीची फेज उलटी कर. आवाज सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतील. उरलाच तर मीटरवर उणे १४० डेसिबलच्या आसपासचा कचरा उरेल, तोही आकडेमोडीतल्या शेवटच्या अंकांचा. तो कुठल्याही खोलीत कुणालाही ऐकू येणार नाही. मिक्स म्हणजे शेवटी गुणाकार आणि बेरीज, आणि ती बेरीज आता कुठलंही चांगलं सॉफ्टवेअर चुकवत नाही.

प्रो टूल्सचा आवाज वेगळा, ही समजूत त्याच्या जुन्या टीडीएम कार्डांच्या काळापासूनची. तेव्हा तिथं फिक्स्ड पॉइंट गणित चाले आणि पातळी सांभाळली नाही तर आवाज आतल्या आतच कापला जाई. २०११मध्ये एचडीएक्स कार्ड आलं, हिशेब फ्लोटिंग पॉइंटवर गेला. समजूत मात्र राहिली.

आमच्या चामराजपेटेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीरामसेवा मंडळी १९३९पासून रामनवमीचा संगीतोत्सव भरवते. तिथल्या मांडवात मागच्या रांगेतले म्हातारे श्रोतेसुद्धा तंबुरा किंचित उतरला तरी मान वर करतात. अशा कानांवर माझा विश्वास आहे, तुझ्या कानांवरही आहे. पण एकच गाणं अर्धा डेसिबल मोठं लावलं तर ते मोठं झालंय असं आपल्याला वाटत नाही, चांगलं झालंय असं वाटतं. त्यामुळं पातळी मोजून सारखी केल्याशिवाय आणि पडद्याकडे पाठ करून बसल्याशिवाय तुलना करू नकोस.

सॉफ्टवेअर बदलल्यानं आवाज खरोखर बदलतो, त्या जागाही ओळखून ठेव. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न होता वाजली तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. तुझा काळी चारचा षड्ज पांढरी सहा आणि काळी पाचच्या मधोमध लटकेल, लयही वाढेल. एबलटन लाइव्ह लांब फाइल आत घेताना आपणहून वॉर्प लावतं, ते बंद कर. वॉर्पमध्ये आवाजाचे बारीक तुकडे ताणले-जोडले जातात आणि त्याचा पहिला फटका जवारीला बसतो: तारेतून उलगडत जाणारे वरचे स्वर धुरकट होतात. आणि प्रत्येकाचे स्वतःचे इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब तर निराळेच असतात.

रीपर ठेवायचं तर खुशाल ठेव. स्वस्त आहे, तुझ्या जुन्या लॅपटॉपवर हलकं चालतं, तुझा हातही बसलाय. पण ज्या कामात वेळ घालवायला हवा ते काम तंबोऱ्यापाशी आहे. तुझ्या ध्वनिमुद्रणात माइक घोडीच्या फार जवळ आहे, म्हणून जवारी टोचते आणि भोपळ्याची गोलाई येत नाही. माइक वीतभर मागं घे, किंचित भोपळ्याकडे वळव, आणि दोन-तीन जागी ठेवून मुद्रण कर. ते ट्रॅक मला पाठव. त्यांच्यासोबत फेज उलटवून उरलेली फाइलही.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा
मामा