'आज्ञा सांपडली नाहीं' म्हणजे काय?

युनिक्स पद्धतीच्या सर्व्हरवर एखादा नवा प्रोग्राम बसवावा, काम निर्विघ्न पार पडावें, आणि त्याचें नांव टंकितांच 'कमांड नॉट फाउंड' असें रूक्ष उत्तर यावें, हा प्रसंग नवशिक्याच्या वांट्यास हटकून येतो. तो लगेच तोच प्रोग्राम पुनः बसवूं लागतो. हे श्रम बहुधा व्यर्थ जातात. कारण प्रोग्राम नाहींच, असें शेल म्हणत नाहीं. 'मला नेमून दिलेल्या जागीं तो नाहीं,' एवढेंच त्याचें म्हणणें असतें.

शेल हा ग्रंथालयांतील आज्ञाधारक शिपायासारखा होय. कोणतीं कपाटें कोणत्या क्रमानें पाहावयाचीं, याची यादी त्याच्या हातीं असते. तिला 'पाथ' म्हणतात. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींतील बोर्न शेलपासून ती याच नांवानें चालत आली आहे. यादींतील दोन जागांमध्यें आपल्या विसर्गासारखीं दोन टिंबें असतात. शोधलेलें नांव ज्या जागीं प्रथम आढळेल, तेथेंच शोध थांबतो.

मूळ संहितेपासून स्वतः बांधलेला पायथन, निराळें न सांगितल्यास, '/यूएसआर/लोकल/बिन' येथें जातो. सर्व्हरबरोबर आलेला जुना पायथन '/यूएसआर/बिन' मध्यें तसाच राहतो. यादींत जुनी जागा आधीं असेल, तर नवा बसवूनही जुनाच चालतो! अशा वेळीं बॅश शेलमध्यें 'टाइप -ए' लिहून पुढें प्रोग्रामचें नांव द्यावें. सर्व जागा क्रमानें दिसतात. बॅश एकदां सांपडलेली जागा ध्यानांतही ठेवतो. ती 'हॅश -आर' या आज्ञेनें विसरावयास लावावी.

यादींत नवी जागा घालतांना जुनी यादी सोबत लिहिण्यास विसरल्यास 'एलएस', 'सीपी' या नित्याच्या आज्ञाही नाहींशा होतात. घाबरूं नये. फाइली जागच्या जागीं असतात; '/बिन/एलएस' असा पूर्ण पत्ता दिल्यास काम होतें. ही चूक त्याच बैठकीपुरती असेल, तर पुनः लॉगिन करणेंही पुरेसें होतें.

कित्येक जण कंटाळून यादीच्या आरंभीं एकच टिंब घालतात, म्हणजे 'मी असेन ती जागा आधीं पाहा.' हा उपाय आम्ही कोणासही सांगणार नाहीं. सर्वांच्या वापराच्या जागीं कोणी दुष्टानें 'एलएस' नांवाची फाइल ठेवली, तर व्यवस्थापक तेथें जाऊन आपल्या संपूर्ण अधिकारानिशीं तीच चालवील.

सर्वांत फसवा प्रकार क्रॉनचा. परीक्षेच्या गुणांची प्रत रोज रात्रीं काढणारी आज्ञा दिवसा हातानें चालते, रात्रीं चालत नाहीं. कारण क्रॉनची यादी पुष्कळदां '/यूएसआर/बिन' व '/बिन' एवढीच असते. तो आपली तक्रार सर्व्हरवरील टपालांत टाकतो, आणि तें टपाल बहुधा कोणी उघडीत नाहीं. मूळ तबकडी बिघडते, तेव्हां कित्येक महिन्यांची प्रतच नाहीं असें कळतें! यास्तव क्रॉनच्या कामांत प्रत्येक प्रोग्रामचा पत्ता मुळापासून पूर्ण लिहावा, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती प्रत उघडून पाहावी.