मास्क बसत नाही तेव्हा

मेंदूच्या एमआरआयवर जखम किंवा एखादा भाग आखून काढलेला मास्क एमएनआय १५२ या प्रमाण मेंदूच्या टेम्प्लेटवर नेला आणि तो कवटीबाहेर गेला किंवा वेंट्रिकलमध्ये घुसला, की नवी मुलं मास्कच इकडेतिकडे सरकवायला लागतात. तू तसं करू नकोस. मास्क म्हणजे कडेवरचं मूल. ज्या प्रतिमेवर तो काढलाय, ती जाईल तिथे तोही जाणार. म्हणून आधी ती प्रतिमा टेम्प्लेटवर टाकून बघ. मेंदूची बाहेरची कड, वेंट्रिकल, कॉर्पस कॅलोसम आणि सेरेबेलमची वरची कड, एवढ्या जागा तिन्ही छेदांत तपास. प्रतिमाच तिरकी बसली असेल तर मास्क बाजूला ठेव आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे प्रतिमांची जुळणी, दुरुस्त कर. बऱ्याचदा दोष मानेचा असतो: स्कॅनमध्ये मान फार खालपर्यंत आली की एफएसएल या सॉफ्टवेअरमधली कवटी काढणारं बेट आणि प्रतिमा जुळवणारं फ्लर्ट ही दोन्ही साधनं भरकटतात. मान आधीच काप. नंतर कापलीस तर रूपांतराचं जुनं मॅट्रिक्स बाद धर, कारण फ्लर्टचं मॅट्रिक्स जुळवलेल्या दोन प्रतिमांच्या चौकटीशी बांधलेलं असतं.

प्रतिमा चोख बसली आणि मास्कच चुकला, तर मूळ जागेत दोघांना एकमेकांवर ठेव. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला मास्क सेव्ह होताना कधी कधी हेडर बदलून बसतं. दोन्ही हेडर शेजारी उघडून माप, व्हॉक्सेलचा आकार आणि दिशा जुळव.

डावं-उजवं नजरेने ठरवू नकोस. मेंदूच्या दोन्ही बाजू इतक्या सारख्या की उलटलेली प्रतिमासुद्धा टेम्प्लेटवर छान बसते. एफएसएलची दिशा बदलणारी आज्ञा हेडरवर विश्वास ठेवून चालते. हेडरच खोटं असेल तर ती ते सुधारत नाही. शंका आली की मूळ डायकॉम फायलींकडे जा. पुढचे स्कॅन तुझ्या हातात असतील तर कपाळाच्या उजव्या बाजूला व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटव. ती टी-वन प्रतिमेत उजळ दिसते आणि बाजूचा वादच राहत नाही.

मास्कमध्ये फक्त ० आणि १. फ्लर्ट सांगितल्याशिवाय ट्रायलिनिअर इंटरपोलेशन वापरतं, मग कडेला ०.३, ०.७ असे आकडे येतात. एकच भाग असेल तर ०.५ वर कापून घे, कड बरी राहते. अॅटलासची लेबलं असतील तर मात्र निअरेस्ट नेबरच हवं, नाहीतर ३ आणि ७ क्रमांकांच्या सीमेवर भलताच ५ उगवतो. नेण्याआधी आणि नेल्यावर घनफळ घनमिलिमीटरमध्ये मोज. नुसते व्हॉक्सेल मोजू नकोस. १ मिमीच्या ८ व्हॉक्सेलांची जागा २ मिमीवर एकच घेतो. एमएनआयचा टेम्प्लेट बहुतेक मेंदूंपेक्षा मोठा आहे, म्हणून घनफळ थोडं वाढलं तर घाबरू नकोस. निम्म्यावर आलं तर मात्र थांब.

रूपांतराची दिशा मोठ्याने म्हणून बघ: कुठून कुठे? टेम्प्लेटवरून पेशंटकडे यायचं तर उलटं रूपांतर लागतं. अँट्स या सॉफ्टवेअरमध्ये रूपांतरांच्या यादीत शेवटी लिहिलेलं आधी लागू होतं, हे भल्याभल्यांना चकवतं.

स्ट्रोकच्या मेंदूला वेगळी काळजी लागते. टेम्प्लेट निरोगी माणसांचा आहे. त्याच्याशी जुळवण्याच्या नादात प्रोग्राम आजूबाजूचा निरोगी भाग ओढून जखम लहान करतो. जखमेचा भाग जुळणीच्या हिशोबातून वगळ. मॅथ्यू ब्रेट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेली ही रीत आजही उपयोगाची आहे.

शेवटी, प्रत्येक पेशंटचं एक तपासणीचित्र काढ आणि सगळी स्वतः बघ. शंभरांच्या सरासरीत एक उलटलेला मेंदू सहज लपतो. अर्धांगवायू झालेला माणूस एमआरआय मशिनच्या धडधडीत न हलता पडून राहतो, तेव्हा तुला ती प्रतिमा मिळते. न बघता ती पुढे पाठवू नकोस.