धनुष्याची निवड : बळ, संयम आणि उत्तरदायित्व

माननीय सलमा बिन अक्वा (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग ‘सहीह बुखारी’त नोंदलेला आहे. अस्लम कबिल्यातील काही लोक तिरंदाजीची स्पर्धा करीत होते. आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) तेथून जात असता त्यांनी या लोकांना उत्तेजन दिले, त्यांचे पूर्वज इस्माईल (अ.) हेही तिरंदाज होते याची आठवण करून दिली आणि आपण एका गटाच्या बाजूने असल्याचे सांगितले. ते ऐकताच दुसऱ्या गटाने हात आवरले. पैगंबर (स.) ज्यांच्या बाजूने आहेत, त्यांच्याशी चुरस कशी करावी, हा त्यांचा संकोच होता. तेव्हा पैगंबरांनी त्यांना बाण चालवत राहण्यास सांगितले आणि आपण सर्वांच्याच सोबत असल्याचे स्पष्ट केले.

‘सहीह मुस्लिम’मध्ये माननीय उक्बा बिन आमिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका कथनात तिरंदाजी शिकून नंतर ती सोडून देणाऱ्याविषयी तीव्र नापसंती व्यक्त झाली आहे. दोन्ही कथने एकत्र वाचली की एक बोध होतो : ही विद्या आनंदाने शिकावी आणि एकदा शिकल्यावर टिकवावी. म्हणून धनुष्य विकत घेताना ‘हे किती जोरदार आहे?’ हा पहिला प्रश्न नव्हे. ‘हे माझ्या ताब्यात राहील का?’ हा पहिला प्रश्न होय.

आज हा प्रश्न आपल्या घरांतही येऊ शकतो. 2023 साली बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाऊंड धनुष्याची वैयक्तिक विजेतेपदे मिळविली. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकारही असणार आहे. आपल्या मुलामुलींनी अशा धनुष्याचा हट्ट धरला, तर पालकांना त्याची जाण हवी.

कंपाऊंड धनुष्य म्हणजे काय?

अमेरिकेतील मिसूरी राज्याचे हॉलेस विल्बर ॲलन यांना 1969 मध्ये या रचनेचे पेटंट मिळाले. धनुष्याच्या दोन्ही टोकांना विषम आकाराची चाके असतात. त्यांना कॅम म्हणतात. दोरी ओढताना आरंभी पूर्ण भार हातावर येतो. चाके फिरून दोरी शेवटपर्यंत ओढली गेली की भार एकदम हलका होतो. 60 पौंडांच्या धनुष्यात ही सूट 80 टक्के असेल, तर नेम धरताना हातावर केवळ 12 पौंड उरतात. त्यामुळे स्थिर राहून विचारपूर्वक नेम साधता येतो.

निवडीचे निकष

पहिला निकष मापाचा. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. 70 इंच भरल्यास दोरी ओढण्याची लांबी अंदाजे 28 इंच येते. अंतिम माप जाणत्या प्रशिक्षकाकडूनच घ्यावे. लांबी चुकली, तर महागडे धनुष्यही व्यर्थ ठरते. कोणता डोळा प्रधान आहे, हेही आधी तपासावे. उजवा प्रधान असणाऱ्याने सहसा उजव्या हाताने दोरी ओढावी.

दुसरा निकष भाराचा. बहुतेकांची चूक येथेच होते. तरुण मुलाला मित्रांपेक्षा अधिक पौंडांचे धनुष्य हवे असते. मग तो धनुष्य आकाशाकडे उचलून, पाठ वाकवून दोरी ओढतो. काही दिवसांत खांदा दुखू लागतो आणि धनुष्य भिंतीवर टांगले जाते. उक्बा (रजि.) यांच्या कथनातील ताकीद अशा वेळी आठवावी. कसोटी सोपी आहे. खुर्चीवर बसून, धनुष्य लक्ष्याच्या रेषेत ठेवून, धक्का न देता दोरी ओढता आली पाहिजे. न आल्यास भार कमी करावा. जागतिक स्पर्धांतही 60 पौंडांहून अधिक भाराला परवानगी नाही. उस्मानी तुर्कांच्या परंपरेत तर नवशिका प्रथम ‘केपाझे’ नावाच्या अगदी हलक्या धनुष्याची दोरी बाण न लावता ओढण्याचाच सराव करी. मात्र आजच्या कंपाऊंडची दोरी बाणाविना कधीही सोडू नये. सारी शक्ती धनुष्यातच उलटते आणि ते फुटून इजा होऊ शकते.

तिसरा निकष उपयोगाचा. लक्ष्यवेधासाठी एका चाकाच्या आसापासून दुसऱ्यापर्यंत 36 ते 40 इंच लांबीचे धनुष्य बरे. ते हातात स्थिर राहते. स्पर्धेत 50 मीटरवरून 80 सेंटीमीटर व्यासाच्या लक्ष्यावर नेम धरायचा असतो. झाडीत वावरणाऱ्या शिकाऱ्याला 28 ते 33 इंचांचे आटोपशीर धनुष्य सोयीचे. दोन्ही ठिकाणी बाणाचा ताठपणा धनुष्याच्या भाराशी जुळलाच पाहिजे.

शिकारीविषयी

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार हरीण, ससा, तितर यांसारख्या वन्यजीवांची शिकार हा गुन्हा आहे. येथे धनुष्य घ्यायचे, ते लक्ष्यवेधासाठीच. अमेरिकेत मात्र परवाना घेऊन ठरलेल्या हंगामात धनुष्याने हरणाची शिकार करता येते. तेथे राहणाऱ्या आपल्या बांधवांनी माननीय अदी बिन हातिम (रजि.) यांना मिळालेले मार्गदर्शन ध्यानी ठेवावे. बाण सोडताना अल्लाहचे नाव घ्यावे. अणीने भेदलेली शिकार खावी, आडव्या काठीच्या आघाताने मेलेली खाऊ नये. पाण्यात बुडालेली आढळल्यास तीही वर्ज्य. जिवंत हाती लागल्यास तिला जबह करावे. म्हणजे बाणाचे पाते धारदार हवे, भार पुरेसा हवा आणि आपला नेम खात्रीने लागतो त्याहून दूरचा बाण सोडू नये. घायाळ होऊन पळालेला प्राणी रानात तडफडत राहतो, आणि त्याच्या वेदनेचे उत्तर नेम धरणाऱ्याला द्यावे लागेल.

माननीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना एकदा काही तरुण एका पक्ष्याला बांधून त्यावर नेम धरताना दिसले. त्यांना पाहताच ते पांगले. सजीवाला लक्ष्य बनविणाऱ्याचा पैगंबरांनी (स.) धिक्कार केला आहे, हे इब्ने उमर (रजि.) यांनी तेव्हा सांगितले. घरी धनुष्य आणणाऱ्या प्रत्येक पालकाने हा प्रसंग मुलांना प्रथम सांगावा आणि मग त्यांच्या हाती बाण द्यावा. कुत्रे, मांजर, कबूतर यांच्याकडे थट्टेनेही बाण वळता कामा नये.

शरीराचे बळ ही अल्लाहची देणगी आहे आणि धनुष्य ही तिच्या सांभाळाची परीक्षा. जे पेलते तेच घ्यावे, जे घेतले ते नित्य सरावाने जतन करावे. अल्लाह आपल्या मुलांच्या हातांना बळ, नजरेला स्थैर्य आणि अंतःकरणाला दया प्रदान करो. आमीन.