पियानोमागून दिसलेले शिक्षक

चि. सोनूस,


बॅले शाळेत नोकरी लागल्याचं तुझ्या आईने कळवलं. फार आनंद झाला. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांचा वर्ग दिला म्हणून तू जराशी खट्टू आहेस, हेही तिनेच सांगितलं. मोठ्या मुलींचा वर्ग सगळ्यांनाच हवा असतो. तिथे गिरक्या, उड्या, पॉइंट शूज, सगळा थाट असतो. पण सोळाव्या वर्षी मुलीची जी खोड कुणालाच मोडता येत नाही, ती बहुतेक वेळा दहाव्या वर्षी कुणाच्या तरी नजरेखालून सुटलेली असते. शाळेने तुला दुय्यम काम दिलंय असं मनात आणू नकोस.

मी कधी नाचले नाही, तेव्हा मी तुला काय शिकवणार? पण लंडनमधल्या बॅलेच्या वर्गांत पियानो वाजवण्यात माझी नोकरीची सारी वर्षं गेली, आणि वाजवणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही. तिला मात्र सगळं दिसतं. निरीक्षक येतात तेव्हाचा वर्गही दिसतो आणि एरवीच्या मंगळवारचाही. तंत्र तुला शिक्षकांच्या अभ्यासक्रमात शिकवलंय, त्यात मी तोंड घालत नाही. मी सांगते ते एवढंच, की चांगला शिक्षक सूचना देऊन झाल्यावर थांबतो आणि बघतो. बाकीचे सांगून पुढे जातात.

वर्गात काय होतं बघ. बारपाशी, म्हणजे धरायच्या दांड्यापाशी, मुलं तांदू करताहेत, पाय जमिनीलगत सरळ ताणताहेत. बाई एकीजवळ येऊन म्हणतात, ‘गुडघा ताठ.’ मुलगी मान डोलावते, बाई पुढच्या मुलीकडे. गुडघा ताठ झाला का, झाला तर त्यासाठी मुलीने कंबर वाकडी केली का, हे बघायला बाई तिथे नसतातच. पुढच्या आठवड्यात तेच वाक्य, त्याच मुलीला, थोडं वरच्या पट्टीत. मुलीला वाटतं आपण मठ्ठ. बाईंना वाटतं मुलगी आळशी. माझ्या पाहण्यातल्या उत्तम शिक्षिका एका वेळी एकच गोष्ट सांगत, मला संगीताचे तेच आठ बार पुन्हा वाजवायला लावत आणि हाताची घडी घालून उभ्या राहत. नाही जमलं तर तेच वाक्य मोठ्याने म्हणत नसत, वेगळं वाक्य शोधत. कधी मुलीला सरळ जमिनीवर उताणी झोपवत आणि तोच पाय तिथे करायला लावत. शरीराचा भार गेला की मुलीला आपला गुडघा आपणच सापडे.

रशियन बॅले शिक्षिका आग्रिपिना वागानोव्हाचं नाव तू परीक्षेपुरतं पाठ केलं असशीलच. तिची पद्धत, १९३४ सालचं तिचं पुस्तक, हे सगळं ठीक. पण पद्धतीच्या आधीची बाई बघ. पीटर्सबर्गच्या शाळेतून ती १८९७ मध्ये बाहेर पडली आणि बॅलेरिना हा किताब तिला मिळाला १९१५ मध्ये, निवृत्तीच्या जेमतेम वर्षभर आधी. उड्या चांगल्या होत्या, पण आपल्या नाचावर ती स्वतःच समाधानी नव्हती. इटालियन नर्तकींचे पाय इतके भक्कम कसे, आपल्याकडच्यांचे हात इतके मऊ आणि पाठ इतकी कमजोर का, हे ती वर्षानुवर्षं न्याहाळत राहिली. ज्याला सगळं आपोआप येतं त्याला ते कसं येतं हे बघायची गरज पडत नाही. म्हणून थोर नर्तक पुष्कळदा सामान्य शिक्षक निघतात. वागानोव्हाला गरज पडली. पुढे तिच्या हाताखालून १९२५ मध्ये मरिना सेम्योनोव्हा बाहेर पडली, १९२८ मध्ये गालिना उलानोव्हा, १९३१ मध्ये नातालिया दुदिन्स्काया. पहिली भव्य, दुसरी शांत आणि आतल्या आत जळणारी, तिसरी विजेसारखी चपळ. शिकवणारी एकच, धडे तेच, आणि तिघींपैकी कुणी कुणासारखी नाही. ज्या वर्गातल्या सगळ्या मुली हळूहळू बाईंसारखी मान वळवायला लागतात, त्या वर्गाबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

त्याच शाळेत पुढे अलेक्झांडर पुश्किन होते, कवी नव्हे, शिक्षक. पुढे जगप्रसिद्ध नर्तक झालेला नुरेयेव्ह १९५५ मध्ये तिथे आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. शाळेच्या हिशेबाने फारच उशिरा आलेला आणि त्यातून भांडखोर. संचालकांशी त्याचं पटेना, तेव्हा तो पुश्किनांच्या वर्गात गेला आणि तीन वर्षांत शाळेतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडला. १९६४ मध्ये रीगाहून आलेला दुसरा थोर नर्तक बारिश्निकोव्हही त्यांच्याच हाताखाली तयार झाला. पुश्किन वर्गात फार बोलत नसत असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. ते नाचाच्या रचनाच अशा बांधत की चुकीचा तोल घेऊन पुढची पायरी करताच येऊ नये. चूक कुठे आहे ते मुलाला स्वतःच्या अंगात कळावं. हे वरवर सोपं दिसतं. पण समोरच्या शरीरांची खडान्‌खडा माहिती असल्याशिवाय अशी एकही रचना बांधता येत नाही. तू घरी बसून वहीत सुंदर रचना लिहून आणशील, सगळेच नवे शिक्षक आणतात. त्या दिवशी मुलांचे पाय दमलेले दिसले तर वही बंद कर.

तुझ्या वयोगटापुरतं थोडं जास्त सांगते, कारण सर्वांत जास्त नासधूस इथेच होते. टर्नआउट. पाय बाहेर वळलेले दिसावेत याची मुलांना आणि त्याहून जास्त पालकांना घाई असते. ते वळण मांडीच्या सांध्यातून येतं, आणि खुब्याची खोबण ज्याची त्याची जन्माची. ती प्रत्येकाला सारखी मिळत नाही. मिळाली नाही की मूल पावलं जमिनीवर चिकटवून बाहेर फिरवतं. मग गुडघा पिळतो, पावलाची कमान आतल्या बाजूला ढासळते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय सरळ रेष आहे! प्लिएमध्ये, म्हणजे गुडघे वाकवताना, तू गुडघा बघ. तो पावलाच्या बोटांच्या वर येतोय की आत पडतोय? आत पडत असेल तर पावलांचा कोन कमी करायला सांग, दिसायला कितीही साधं दिसलं तरी.

दुसरी गोष्ट वाढीची. मुलींची उंची अकरा-बाराच्या सुमारास झपाट्याने वाढते, मुलांची त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी. हाडं आधी लांबतात, स्नायू मागाहून येतात. कालपर्यंत डोक्याशी जाणारा पाय आज खांद्यापर्यंतही जात नाही, गिरकीत तोल जातो, टाच आणि गुडघा दुखतो. मूल घाबरतं. अशा वेळी ‘तुझं लक्ष नाही’ असं म्हणणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्यात. आणि एक अशीही पाहिली, जी सत्राच्या सुरुवातीला दाराच्या चौकटीपाशी मुलांची उंची मांडून ठेवायची. कुणी भराभर वाढलेलं दिसलं की त्या मुलाच्या उड्या कमी करायची आणि त्याला कारणही सांगायची. पॉइंट शूजच्या बाबतीतही तेच. बारावं लागलं म्हणून कुणाला ते घालायला देऊ नकोस. एका पायावर घोटा न डळमळता चवड्यावर उभं राहता येतं का, पोट आणि पाठ धरून ठेवतात का, ते बघ आणि मग ठरव. आई रुसेल. रुसू दे.

आता माझ्या प्रांताविषयी. पुण्यात कथक शिकताना तुझ्या गुरू हातावर ताल धरून बोलांची पढंत करत, ते आठव. पाय उचलण्याआधी लय तुझ्या कानात शिरलेली असे. बॅलेमध्ये बोल नाहीत, पण शिक्षकाचा आवाज आहे, आणि बहुतेक जण तो वाया घालवतात. पाच, सहा, सात, आठ असं हिशेबनिसासारखं मोजतात आणि मूल मोजायला शिकतं, ऐकायला शिकत नाही. पायाच्या झटक्याच्या फ्राप्पेला आवाज तुटक कर, प्लिएला ओढून धर. रचना दाखवतानाच लय आवाजात आली की मला निराळं सांगावं लागत नाही. मी वॉल्ट्झ वाजवायचा की पोल्का, ते तुझ्या हातावरूनच कळतं.

लय ही सुद्धा बघण्याचीच बाब आहे. छोट्या उड्या चालू असताना मला ‘थोडं सावकाश’ असं सांगणाऱ्या शिक्षिकेकडे मी आदराने बघायची. तिने मुलांच्या टाचा पाहिलेल्या असत. टाच जमिनीला टेकायच्या आत पुढची उडी सुरू झाली की नडगीचं दुखणं ठरलेलं. उलट, उगाच संथ लयीत उडी मारायला लावली तर मुलं गुडघ्यात बसून राहतात. रेकॉर्ड केलेल्या संगीतावर वर्ग चालवावा लागला तर चालव, पण मध्येच थांबवून त्याच जागेवरून पुन्हा सुरू करणं तिथे तितकं सोपं नसतं. शाळा पैसे वाचवायला म्हणून पियानो बंद करायला निघाली, तर तू विरोध कर. (हे मी माझ्या पोटासाठी म्हणत नाही, मी निवृत्त आहे!)

कडकपणाबद्दल तू मागे विचारलं होतंस. शिस्त हवी, बॅले शिस्तीवाचून होत नाही. पण शिस्तीच्या नावाखाली काय काय चालतं ते आता जगाला कळलंय. २०१९ मध्ये व्हिएन्नाच्या ऑपेराच्या बॅले शाळेतल्या मुलांच्या छळाच्या तक्रारी बाहेर आल्या, चौकशी समिती बसली. कोण किती खातं, कोणाच्या मांड्या जाड, हे शिक्षकाने वर्गात बोलण्याचे विषय नव्हेत. वजनाची खरीच काळजी वाटली तर ते शाळेच्या डॉक्टरांकडे ने, मुलीच्या कानावर घालू नकोस. ती दोन शब्दांवर महिनाभर उपाशी राहील. पाय हाताने धरून सरळ करण्याआधी विचार, ‘हात लावू का?’ जुन्या शिक्षकांना हा नवा सोपस्कार वाटतो. मला नाही वाटत. नाही म्हणण्याची मुभा असलेलं मूलच दुखतंय तेव्हा दुखतंय म्हणतं. आणि दुखणं लपवणारं मूल शिक्षकाला दिसत नाही, कितीही डोळे फाडून बघितलं तरी.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घे. इस्रायलमध्ये जन्मलेले येहुदा माओर इथे शिकवायला आले आणि त्यांच्या वर्गात मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह ही दोन मुलं आली. एक टॅक्सीचालकाचा मुलगा, दुसरा वेल्डरचा. दोघांचं बॅलेचं वय कोणत्याही युरोपियन शाळेच्या हिशेबाने उलटून गेलेलं. मनीष तर विशीत होता. अमीर २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. सूनी तारापोरवालांनी त्यांच्या गोष्टीवर २०२० मध्ये ‘ये बॅले’ हा चित्रपट काढला आणि मनीषने त्यात स्वतःचंच काम केलं. चित्रपटात असते तशी जादू प्रत्यक्षात नसते. प्रत्यक्षात रोज तेच प्लिए, तेच तांदू, आणि समोर कोण उभं आहे ते घराणं, वय, रंग बाजूला ठेवून पाहणारा एक माणूस असतो. तुझ्या वर्गात मागच्या रांगेत उभं राहणारं मूल असेलच. दर आठवड्याला रांगा बदलत जा.

वर्गातली बरीचशी मुलं नर्तक होणार नाहीत, हे तुला पहिल्या सहामाहीतच कळेल. काही व्यावसायिक शाळांत मूल्यमापन होतं आणि काहींना पुढच्या वर्षी यायचं नाही असं कळवलं जातं. ते पत्र जाण्याआधी पालकांना आणि मुलाला तू स्वतः भेट, स्पष्ट सांग, गोड भाषेत गुंडाळू नकोस. आणि तोवर त्या मुलाकडे बघणं थांबवू नकोस. बाईंनी आपला नाद सोडलाय, हे मुलांना पत्र येण्याच्या कितीतरी आधी समजतं. ती निमूट बारचं शेवटचं टोक धरतात. या बाबतीत मी भल्याभल्या नामवंतांना कमी गुण देते.

हात-पाय सांभाळ. दिवसभर दाखवून दाखवून शिक्षकांचे खुबे जातात, सगळं करून दाखवायचा हट्ट धरू नकोस. पहिल्या दिवशी पियानिस्टला नावाने हाक मार आणि वर्ग संपल्यावर मुलांकडून आभाराचा नमस्कार करवताना तो पियानोच्या दिशेनेही करव. पत्र लिहायला वेळ नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर कळव, पण कौतुकाने वर्गाचे व्हिडिओ पाठवू नकोस. मुलं लोकांची आहेत.

तुझी,
मावशी