आधी भोक, मग आकार

अगं, लोलक कोरायला बसायचं तर आधी दगड ओळखायला शीक, हत्यारं नंतर घेऊ. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे अकीक आणि गारगोट्या तयार झाल्या. शिरूरजवळ घोड नदीकाठच्या इनामगावात ३,००० वर्षांपूर्वी लोक अशाच दगडांचे मणी घालत होते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. मणी घालणाऱ्या त्या लोकांकडे वीज नव्हती, मोटर नव्हती. तेव्हा यंत्र नाही म्हणून अडून बसू नकोस.

दगड काचेच्या तुकड्यावर ओढून बघ. काचेवर चरा पडला तर तो अकिकासारखा कठीण. त्यावर पोलादी कानस चालत नाही, हिऱ्याची कानसच लागते. हात बसेपर्यंत मऊ शिरगोळा घे, तो चाकूनेही कोरता येतो. आणि वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट कुणी दिला तर त्याला कानस लावू नकोस. त्याचा कठीणपणा जेमतेम ३ ते ४, आणि इतके सुंदर नमुने जगात दुसरीकडे मिळत नाहीत. तो कोरणं म्हणजे तो घालवणं. डबीत कापूस घालून तसाच ठेव.

दगड भिजवून वाळत ठेव. सगळा वाळल्यावरही एखादी बारीक रेघ ओली, काळसर राहिली तर ती चीर समज. तिथून तो फुटणार. असा दगड घेऊच नये.

आता महत्त्वाचं. आधी भोक, मग आकार. दिवसभर खपून पान कोरायचं आणि शेवटी भोक पाडताना दोन तुकडे व्हायचे, हे कशाला? अखंड दगडाला भोकाचा ताण सोसतो. कडेपासून निदान ३ मिलिमीटर आत खूण कर. पेन्सिल पाण्यात पुसली जाते, ॲल्युमिनियमच्या तारेने रेघ ओढ. दगड पाण्याच्या बशीत ठेवून हिऱ्याचं बारीक ड्रिल अगदी हलक्या हाताने लाव, मधेमधे उचल म्हणजे चिखल निघून जाईल. अर्ध्यावर आलीस की दगड उलटव आणि दुसऱ्या बाजूने भीड. एकाच बाजूने आरपार गेलीस तर पलीकडच्या तोंडाशी टवका उडतोच.

पाणी थांबवायचं नाही, बाळा. याबाबत मी कुणाचंच ऐकत नाही. अकिकाची कोरडी धूळ फुप्फुसात बसते ती परत निघत नाही. खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कितीतरी कारागिरांना तिने सिलिकोसिस जडला. भुकटी तोंडाने फुंकू नकोस, ओल्या फडक्याने टीप. मास्क लाव, आणि हे काम स्वयंपाकघरात तर नाहीच.

घासताना पॉलिश पेपर २२०, ४००, ६००, १०००, २००० असे क्रमाने घे. प्रत्येक वेळी आधीच्या पेपरच्या रेघा पुरत्या जाऊ देत. पेपर बदलताना हात, दगड, भांडं, सगळं धू. आधीच्या पेपरचा एक कण मागे राहिला तरी पुन्हा चरे पडतात. शेवटी चामड्यावर सेरियम ऑक्साइड.

भोकाची तोंडं मात्र विसरू नकोस. दोन्हीकडची धार किंचित उतरवून गोल कर, नाहीतर ती दोरा कापते. दागिने ओवणाऱ्या पटवेकऱ्याकडे नेण्याआधी सुती दोरा आतून दहा-बारा वेळा ओढून बघ. तंतू सुटले तर आणखी घास.